आगबोटीची तीन पार्सलं

दुकान विकायचं ठरलं होतं त्या रविवारी अण्णांनी साडेदहालाच शटर अर्धं वर केलं आणि 'आज दुकान बंद आहे' असं पुठ्ठ्यावर लिहून दाराला लावलं. ते वाचून कोणी हिरमुसून परत जाईल अशी काही भीती नव्हती. गेल्या वर्षभरात रविवारी एक माणूस फिरकला नव्हता. पण न येणाऱ्या गिऱ्हाइकालासुद्धा रीतसर कळवलं पाहिजे, असा अण्णांचा स्वभाव.

वडिलांनी, म्हणजे आबांनी, घालून दिलेला नियमही अण्णांनी शेवटपर्यंत सोडला नाही. सुटे भाग जोडून बनवायच्या विमानाचा, आगगाडीचा, जहाजाचा, कशाचाही डबा विकायचा तर आधी काउंटरवर हिरवं कापड पसरायचं, त्यावर डबा उघडायचा, यादी हातात घेऊन आतला एकेक भाग मोजायचा, बारीक भागांच्या कागदी पुड्या बांधायच्या आणि मगच तो गिऱ्हाइकाला द्यायचा. साध्या विमानाला वीस मिनिटं, मोठ्या जहाजाला पाऊण तास. एवढ्या वेळात गिऱ्हाईक एकतर घरचं होऊन जायचं, नाहीतर पळून जायचं. हल्ली पळणारीच जास्त होती.

पळून ती कुठे जात होती हेही घरात सगळ्यांना पाठ होतं. दीड वर्षापूर्वी फोनवर 'छोटं बंदर' नावाचं दुकान निघालं होतं. घरबसल्या मागवा, तीन दिवसांत दारात. अण्णा रोज सकाळी चहाबरोबर त्या बंदराचं पान उघडायचे, तिथली नवी नवी जहाजं बघायचे आणि चहा संपेपर्यंत त्या न पाहिलेल्या दुकानदाराचा उद्धार करायचे. "मोजून देत असेल का हा? डबा उचलायचा, खोक्यात कोंबायचा, चिकटपट्टी मारायची. याला दुकानदारी म्हणतात?" शेवटी गेल्या महिन्यात एक दिवस ते फोन खाली ठेवून म्हणाले, "लोकांना मोजून घ्यायचंच नाहीये. मग मी कोणासाठी मोजतोय?" त्याच आठवड्यात त्यांनी कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यांना दुकान द्यायला होकार दिला.

या होकाराने सर्वांत जास्त जिवाला लागलं ते धाकटीच्या. तीन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडून ती दुकानात आली होती, आणि तीन वर्षं अण्णांनी तिला कपाटं पुसायला लावली होती. काउंटरच्या आत एकदाही उभं केलं नव्हतं. "मला एक वर्ष द्या, अण्णा. फक्त एक. नाही जमलं तर मीच शटर ओढते," असं तिने तीनदा सांगून पाहिलं. अण्णांचं उत्तर तिन्ही वेळा तेच. "बुडत्या बोटीत पोरीला चढवायची नाही मला." यावर काय बोलणार? रागवावं तर त्यात माया होती, आणि मायेपुढे नमावं तर हातचं दुकान जात होतं.

अकरा वाजता चष्मेवाले कागदांची पिशवी आणि एक मोठी काळी पेटी घेऊन वाकून शटरखालून आत आले. "बारा वाजता मला दुसरीकडे पोचायचंय," त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. "दोन सह्या. अण्णा, तुमची आणि तुमच्या भगिनींची. पाच मिनिटांचं काम."

दुकान अर्धं अण्णांचं, अर्धं आत्याचं. आत्या खिडकीपाशी पाय जमिनीत रोवून बसली होती. आई दुसऱ्या टोकाला, पंख्याच्या बटणाखाली. या दोघींच्या मधोमध सूनबाई, कारण तिचं कामच ते होतं. नऊ वर्षांपूर्वी काचेच्या कपाटातली विमानं कोणी हलवली यावरून दोघींचं जे फाटलं, तेव्हापासून त्या एकमेकींशी थेट बोलत नव्हत्या. सगळा व्यवहार सूनबाईमार्फत.

"सूनबाई, तुझ्या सासूला म्हणावं पंखा कमी कर. कागद उडतील."

"आई, आत्या म्हणतायत पंखा कमी करा."

"तिला म्हणावं, उडाले तर बरंच होईल."

"आत्या, आई म्हणतायत, बरं."

असं भाषांतर करण्यात सूनबाईची हयात चालली होती. लग्नानंतर पहिली दोन वर्षं ती निरोप जसेच्या तसे पोचवायची आणि मग घरात आग लागायची. पुढे तिने हातोटी कमावली. आता दोघी जणी काय बोलतात याकडे ती फारसं लक्षच देत नसे. मनाला येईल ते गोड बोलून टाकी.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. डॉक्टर म्हणजे घरातला थोरला. दातांचा दवाखाना असल्यामुळे समोरच्याचं तोंड उघडं आहे आणि त्यात आपली हत्यारं आहेत, अशा थाटात तो सगळ्यांशी बोलायचा. उत्तराची वाट बघायची त्याला सवयच नव्हती. "अण्णा, तुमचे गुडघे बघा. सदुसष्ट वय झालं. दिवसभर उभं राहायचं कशाला? बरोबर आहे ना? आहेच. आत्या, तू पण आता आराम कर. पटतंय ना? पटणारच."

"दादा, तू भूल देऊन बोलतोस का सगळ्यांशी?" धाकटी म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

"मध्येच बोलते. शेवटी बोलायला दुकान उरणार आहे का?"

अण्णांनी पेन उघडलं, आणि भराभर, जसं कडू औषध घ्यावं तशी, आपली सही करून टाकली. धाकटीने मान फिरवली. पेन आत्यापुढे आलं.

आत्याच्या मनात सही करायची नव्हती. ती घरून निघतानाच ठरवून निघाली होती. पण का करायची नाही, याचं जे कारण तिच्यापाशी होतं ते या खोलीत उच्चारण्यासारखं नव्हतं. तेव्हा तिने पर्समध्ये हात घातला, ढवळला आणि चेहरा पाडला. "अगं बाई, चष्मा घरी राहिला. वाचल्याशिवाय तर मी काही सही करायची नाही."

हे वाक्य तिने जगात एकाच माणसासमोर बोलायला नको होतं. चष्मेवाल्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पेटी उघडली. आत मखमलीवर बावीस चष्मे ओळीने झोपले होते.

"हा बघा."

"यात तुम्ही दोन दिसता."

"हा?"

"यात एकच, पण जाडे दिसता."

"बरं, हा?"

"नाक दुखतंय."

सातव्या चष्म्याला आत्याला अक्षरं पोहताना दिसली. नवव्यात तिला स्वतःच्याच पापण्या दिसल्या. बाराव्यात सगळं स्वच्छ दिसत होतं म्हणून तिने तो घाईघाईने काढला आणि रंग आवडला नाही म्हणाली. सूनबाईला हसू आवरेना, तिने पदर तोंडाला लावला. पंधराव्या चष्म्याला बाराला वीस मिनिटं उरली होती आणि चष्मेवाल्यांच्या कपाळावर घाम आला होता. धंद्यात असा अपमान त्यांचा कधी झाला नव्हता.

इतक्यात शटरवर थाप पडली. कुरिअरवाला वाकून आत आला आणि त्याने तीन सारखी खोकी काउंटरवर ठेवली. "तिन्ही याच पत्त्यावर," तो म्हणाला आणि त्याने मोठ्याने तीन नावं वाचली. एक डॉक्टरांचं. एक धाकटीचं. एक अण्णांचं. "पाठवणार, छोटं बंदर. ओटीपी सांगा."

अण्णांनी खोक्यांवरची तिन्ही नावं पुन्हा स्वतः वाचून पाहिली.

"डॉक्टर," अण्णा खर्जात म्हणाले, "तू? बंदराकडून?"

"अण्णा, तुम्ही स्वतः?"

"शत्रूचा माल बघायला नको? मी अभ्यासासाठी मागवलं." अण्णांचे कान लाल झाले होते.

"ओटीपी," कुरिअरवाला म्हणाला. "साहेब, बाहेर दुचाकी चालू आहे."

तिघांनी चोरासारखे फोन काढले आणि तीन आकडे पुटपुटले. कुरिअरवाला गेला. आता कोणीतरी पहिलं खोकं फोडायला हवं होतं, आणि तो मान अण्णांनी स्वतःकडेच घेतला. "बघाच आता. या बंदरवाल्याची लायकी तुम्हा सगळ्यांसमोर काढतो." त्यांनी चिकटपट्टी कापली, झाकण उचललं, आणि ते तसंच हातात धरून उभे राहिले.

आत आगबोट होती. दोन धुराड्यांची, बाजूला चाकं असलेली. अण्णा दहा वर्षांचे असताना त्यांनी आणि आत्याने आबांच्या शेजारी बसून तीच बोट पहिल्यांदा जोडली होती. ती बनवणारा कारखाना कधीच बंद पडला. गेली दहा वर्षं अण्णा तिचा एक डबा शोधत होते.

धाकटीने आपलं खोकं फोडलं. तीच बोट. डॉक्टरांच्या खोक्यातही तीच.

"मी तुमच्यासाठीच मागवली," धाकटी म्हणाली. "दुकान गेल्यावर तुमच्या हातांना काहीतरी हवं म्हणून."

"मी पण," डॉक्टर म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढे 'बरोबर आहे ना?' विचारायचं विसरला.

अण्णांनी दोघांकडे पाहिलं. त्यांना भरून आलं होतं आणि ते लपवायचा एकच मार्ग त्यांना ठाऊक होता. त्यांनी हिरवं कापड पसरलं. "मोजायला लागेल. यादी धरा," असं म्हणून त्यांनी यादी जवळच्या माणसाच्या हातात कोंबली. जवळचा माणूस चष्मेवाला होता.

"मला बारा वाजता..."

"वाचा."

"एक. तळाची फळी, डावी."

"आहे."

"दोन. तळाची फळी, उजवी."

"आहे."

असं सुरू झालं. तिसाव्या भागापर्यंत अण्णा 'आहे' असं त्वेषाने म्हणत होते, कारण पुढचा तरी नसेल अशी त्यांना आशा होती. साठाव्यापर्यंत त्यांचा आवाज मऊ झाला. शंभराव्याला ते चक्क कुतूहलाने पुढे वाकले. बारीक खिळे एका पुडीत, कड्या दुसऱ्या, दोरे तिसऱ्या. प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने आकडा. एकशे शहाऐंशी भाग, एकही कमी नाही. वर एक जादा कडी, कारण बारीक कड्या हमखास हरवतात. चष्मेवाले शेवटचा आकडा वाचून "आहे!" असं अण्णांच्या आधीच ओरडले आणि मग ओशाळले.

अण्णा स्टुलावर बसले. "हा माणूस," ते म्हणाले, "हा माणूस मला चाळीस वर्षं दुकानात हवा होता. कोण आहे हा? मला त्याला भेटायचंय. मी त्याला काय काय बोललो रे!"

त्यांनी कौतुकाने एक पुडी पुन्हा उचलली, उलटी केली, आणि भुवया जवळ आणल्या. पुडीची घडी उलट्या बाजूने दुमडलेली होती. सगळं जग उजव्या हाताने पुडी घालतं. अशी डावखुरी पुडी त्यांनी जन्मात एकाच व्यक्तीला घालताना पाहिलं होतं, याच काउंटरवर, शेजारच्या स्टुलावर. आणि वरचा पेन्सिलीचा सात? तो पोटात आडवी रेघ मारलेला सात चाळीस वर्षं त्यांच्या घरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबात होता.

डावखुरी पुडी आणि रेघेचा सात. एकाच डब्यात दोघी! त्यांनी एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. काही सांधा जुळेना.

आत्याच्या नाकावर अजून पंधरावा चष्मा होता. तिने घाबरून तोंड उघडलं. "वहिनी! तुम्ही तर म्हणाला होतात की सोमवारी पोचेल!"

नऊ वर्षांत पहिलं थेट वाक्य. सूनबाई ताडकन उभी राहिली.

"मी मुद्दाम आज पोचेल असं बघितलं, वन्सं," आई शांतपणे म्हणाली. "तुम्ही सांगणार नव्हता, मी सांगणार नव्हते. कोणीतरी सांगायला हवं होतं ना? म्हटलं, बोटच सांगू दे."

"तुम्ही बोलता?" सूनबाईचा आवाज चिरकला. "एकमेकींशी? कधीपासून?"

आत्याने नाकावरचा चष्मा काढून पुसायला घेतला.

"कधीपासून, आत्या?"

"झाली की अडीच वर्षं," आत्या पुटपुटली. "दवाखान्यात गाठ पडली. आपल्या डॉक्टरने दोघींचेही दात एकाच दिवशी काढले. तोंडात बोळे. बोलता येईना म्हणून भांडता येईना. मग लिहून बोललो."

"अडीच वर्षं! आणि मी इथे निरोप पोचवतेय! आज सकाळीसुद्धा पंखा कमी करा म्हणून!"

"तू इतकं छान सांगायचीस गं," आई म्हणाली. "मोडवेना."

यावर धाकटीला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. ती काउंटरला धरून खालीच बसली. मग डॉक्टर हसला, मग सूनबाई रागात असूनही हसली, आणि शेवटी चष्मेवालेही, नक्की कशाला हे न कळता.

हकीकत अशी निघाली. पोटमाळ्यावर जुन्या मालाचे तीन-चारशे डबे पडून होते. गुडघ्यांमुळे अण्णा बारा वर्षं वर चढले नव्हते आणि तो माल मेलेला आहे असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आईने एकदा साफसफाई करताना पाच डबे आत्याकडे नेले. आत्याने ते 'छोटं बंदर' या नावाने फोनवर विकायला ठेवले. दोन दिवसांत गेले. मग दर मंगळवारी आई 'बहिणीकडे' जायची ती आत्याकडे जायची. आत्या पुड्या बांधायची, आई आकडे घालायची.

"म्हणजे माझी बोट," अण्णा सावकाश म्हणाले, "माझ्या डोक्यावर होती. दहा वर्षं मी शोधतोय, आणि ती माझ्या डोक्यावर. तिथून ती निघाली, गावभर फिरली आणि खाली माझ्याच काउंटरवर आली. आणि मी ती विकत घेतली. माझ्याच बायकोकडून."

"आणि बहिणीकडून," आत्याने दुरुस्ती केली.

"मला का नाही सांगितलंत?" आता अण्णा हसत नव्हते. त्यांना खरंच लागलं होतं. "मी रोज सकाळी मेलो, गं. रोज वाटायचं, आपण शिकलो ते सगळं फुकट गेलं. एकदा तरी सांगायचं."

आई उठून त्यांच्याजवळ आली. "अहो, सांगणार होते. पहिल्या महिन्यातच. पण तुम्ही सकाळी त्याला शिव्या घालायला इतक्या उत्साहाने उठायला लागलात! त्याच्या आधी सहा महिने तुम्ही नऊ-नऊ वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचात. मला वाटलं, असू दे एक शत्रू. नंतर फार उशीर झाला, आणि मला भीती वाटायला लागली. चुकलंच माझं."

धाकटीने डोळे पुसत फोन पुढे केला. "अण्णा, तुम्ही फक्त जहाजांचे फोटो बघता. खाली लोक काय लिहितात ते कधी वाचलंत?" आणि तिने वाचलं. "'एकेक भाग मोजलेला, पुड्या बांधलेल्या. हल्ली असं कोण करतं?' हा दुसरा. 'माझ्या मुलीने पुड्यासुद्धा जपून ठेवल्यात.' तिसरा. 'या लोकांचं खरं दुकान कुठे आहे? असेल तर मला तिथे जाऊन उभं राहायचंय.' अण्णा, असे दीडशे आहेत."

अण्णांनी फोन हातात घेतला. ते बराच वेळ वाचत राहिले. कोणी त्यांना घाई केली नाही. डॉक्टरसुद्धा वाट बघत उभा होता.

मग त्यांनी चष्मेवाल्यांसमोरचा कागद उचलला, आपल्या सहीवर शांतपणे दोन आडव्या रेघा मारल्या आणि बायको-बहिणीकडे वळून, नोकरीला आलेल्या माणसासारखे हात पुढे जोडून उभे राहिले.

"बाई, तुमच्याकडे मोजायला माणूस हवाय का?"

आत्या आणि आईने एकमेकींकडे पाहिलं. अडीच वर्षं सगळ्यांपासून लपवलेली ती नजर आता उघड्यावर आली होती, आणि दोघी भलत्याच खूश दिसत होत्या.

"अनुभव?" आत्याने विचारलं.

"पंचेचाळीस वर्षं."

"गिऱ्हाईक पळवून लावायचा का मोजायचा?"

"दोन्ही."

"वर चढावं लागेल," आई म्हणाली. "पोटमाळ्यावर. गुडघ्यांचं काय?"

"चढेन. हळूहळू चढेन."

"विचार करून कळवतो," आत्या म्हणाली, आणि अण्णा असे खळखळून हसले की तसं हसणं घरातल्या कोणी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"पण मग खाली कोण बसणार?" डॉक्टरने विचारलं, आणि या वेळी तो खरोखर उत्तरासाठी थांबला.

अण्णांनी काउंटरची फळी उचलली आणि बाहेर आले. फळी त्यांनी तशीच धरून ठेवली. "तीन वर्षं तुला कपाटं पुसायला लावली," ते धाकटीला म्हणाले. "मला वाटलं, मी तुला वाचवतोय. मीच घाबरलो होतो गं. जा आत."

धाकटी आत गेली. जागा चार पावलांची होती, पण तिचे पाय हवेत होते. बाहेरून कपाटं तिला पाठ होती. आतून ती कधी पाहिलीच नव्हती, आणि आतून दुकान केवढंतरी मोठं दिसत होतं. तिने दोन्ही तळवे लाकडावर टेकले आणि आता काय करायचं असतं हेच तिला आठवेना.

चष्मेवाले घसा खाकरून पुढे सरकले. बारा केव्हाच वाजून गेले होते. त्यांच्या हातात अजून ती यादी होती आणि ती खाली ठेवावी असं त्यांना वाटत नसावं. "म्हणजे दुकान तर गेलंच माझं," ते म्हणाले. "पण मी काय म्हणतो, ही बोट... अशी एखादी मला मिळेल का?"

"वर अजून चार आहेत," आई म्हणाली.

अण्णांनी तोंड उघडलं.

"अण्णा," आत्या म्हणाली.

अण्णांनी तोंड मिटलं. सगळे धाकटीकडे बघू लागले. तिने गिऱ्हाइकाकडे नीट पाहिलं, हिरव्या कापडावरची सुरकुती हाताने सारखी केली आणि म्हणाली, "मिळेल की. पण बसा. पाऊण तास लागेल."

चष्मेवाल्यांनी स्टूल पुढे ओढलं.